साडूंची नीळ

माझ्या साडूंनी लाकडाचा जितका विचार केला तितका खुद्द लाकडानेही स्वतःचा कधी केला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुलगावच्या एका वखारीत ते लाकूड पारखायला होते आणि राहायला पुलगावला खेटून असलेल्या नाचणगावात. अंगाने चांगले उंच होते म्हणतात, पण ती उंची पुरती उभी राहिलेली मी क्वचितच पाहिली, कारण हा गृहस्थ जन्मभर कशाच्या ना कशाच्या खाली वाकून बघत आला. कुणाच्या घरी गेलं की लोक माणसांना रामराम करतात. साडू आधी चौकटीला करीत. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून तिच्यावर दोनदा ठोकायचं, कान तिरपा करायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. चौकटीचं उत्तर मनासारखं आलं तर पुढे माणसांची चौकशी. नाही आलं तर उंबऱ्याबाहेरूनच निकाल: "गेलं." एवढा एकच शब्द, आणि त्यावर अपील नाही. या शब्दाची गावात इतकी धास्ती होती की साडू येणार असं कळलं की बायका घरातले पाट उचलून आत ठेवीत आणि त्यांना सतरंजीवर बसवीत.

त्यांची माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली, तीही ऐन अंतरपाटाच्या वेळी. सासऱ्यांचं घर हिंगणघाट तालुक्यात वडनेरला. मांडव गच्च भरलेला, मंगलाष्टकांचा सूर लागलेला, मी मुंडावळ्या सावरत पाटावर उभा. इतक्यात माझ्या पायाशी टक टक असा आवाज झाला. खाली पाहतो तर धोतराचा काचा मारलेला एक इसम माझ्या पाटाखाली मान घालून बसलेला. "उतरा," तो म्हणाला. मी म्हटलं, "आत्ता? काऊन?" "पाट गेला." भटजी थांबले. माझी आई रडकुंडीला आली, कारण लांबून तिला एवढंच ऐकू आलं की काहीतरी गेलं. मला मात्र संताप आला, आणि तो यायलाच हवा होता. आयुष्यात एकदाच माणूस त्या पाटावर चढतो. पण सासऱ्यांनी निमूटपणे दुसरा पाट आणला, माझी पुन्हा स्थापना झाली आणि लग्न लागलं. संध्याकाळच्या पंगतीत तो पहिला पाट माझ्या वजनदार मामांच्या वाट्याला आला. मामांनी वरणभात कालवायला घेतला आणि ते पाटासकट जमिनीवर आले. तेव्हा मी साडूंना मनातल्या मनात हात जोडले. उघडपणे जोडायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

पुष्कळ दिवस माझी समजूत होती की साडू वाळवी शोधतात. एकदा तसं बोलून गेलो तर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "वाळवी चोर हाय, साडभाऊ. चोराले पाहाले काय भिंग लागते?" मग माझा हात धरून ते मला वखारीच्या मागच्या अंगाला घेऊन गेले. तिथे टाकाऊ ओंडक्यांचा ढीग पावसात भिजत पडला होता. त्यातला एक त्यांनी उलटा केला. ओंडक्याच्या पोटावर, जमिनीकडच्या बाजूला, एखाद्या बाईने पांढऱ्या मातीचा पातळ हात फिरवून सारवून घ्यावं तसा थर पसरला होता. ना छत्री, ना देठ, ना पान. चपटा, लाकडाला घट्ट चिकटलेला. मी म्हटलं, "चुना सांडला वाटतं." "जित्तं हाय ते," साडू म्हणाले, आणि इतक्या हळू म्हणाले की मीही नकळत आवाज खाली आणला.

ती बुरशीच होती, पण भूछत्रांसारखी वर येऊन मिरवणारी नव्हे. साडूंनी तिला स्वतःपुरतं नाव ठेवलं होतं, सारवण. त्यांनी कनवटीचं भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि थराच्या कडेवर बोट ठेवलं. कड शुभ्र होती, कापसाच्या तंतूंसारखी पिंजारलेली. "हे आजचं काम," ते म्हणाले, "अन् मंधातलं मळकट दिसते ते मागच्या मयन्याचं." पण हा सगळा थर म्हणजे नुसता ओसरीचा भाग, खरं घर आत. केसाहून बारीक असे पांढरे धागे लाकडात खोल शिरलेले असतात, ते आतल्या आत लाकडाचा कस खात जातात, आणि मागे उरतं ते पांढरं, हलकं, चिमटीने उलगडणारं काहीतरी. साडूंनी ओंडक्याचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. त्याला वजनच नव्हतं. "साडभाऊ, तुमी भूगोलाचे मास्तर. सांगा, जंगलात एवढं मोठं झाड पडते. ते जाते कुठं? कोन उचलते त्याले?" मी नद्या कुठे उगम पावतात आणि कुठे मिळतात हे मुलांकडून घोकून घेणारा माणूस. पडलेलं झाड कुठे जातं हे मला कुणी विचारलंच नव्हतं. "हे नसतं ना," साडू त्या थरावर हलकेच हात ठेवून म्हणाले, "तर आपल्याले पाय ठेवाले जागा नसती. मेलेल्यावर मेलेलं, मेलेल्यावर मेलेलं, असं आभाळापर्यंत जंगल रचलं असतं." मी भिंग परत दिलं, तेही त्यांनी दोनदा मागितल्यावर.

हे सारवण नेहमी खालच्या अंगाला असायचं, उन्हावाऱ्याला पाठ देऊन जमिनीकडे तोंड केलेलं. त्यामुळे साडू साऱ्या जगाकडे खालूनच पाहत. एकदा आम्ही दोघं पुलगावात ओळखीच्या घरी समाचाराला गेलो होतो. घरचे वडीलधारे वारले होते. आम्हाला बसायला बाज दिली. मी चेहरा लांब करून बसलो. साडू बसण्याऐवजी गुडघे टेकून बाजेखाली शिरले आणि बाहेरच येईनात. घरच्यांना वाटलं, यांना दुःख आवरत नाही. थोरला मुलगा वाकून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागला, "काका, सांभाळा सोताले. आता काय करता!" बाजेखाली साडू भिंग लावून बसले होते. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. रस्त्यावर आल्यावर मी जरा घुश्शातच विचारलं, "काय होतं?" म्हणाले, "दातेरी होतं हो! बारीक बारीक दात, मुंगीलेही टोचनार नाईत असे. काय देखनं हाय!" त्या घरात साडूंच्या मायाळूपणाची आठवण अजून काढतात.

घरी त्यांनी असल्या सारवणांचे तुकडे डब्यांत भरून ठेवले होते. बिस्किटांचे डबे, तंबाखूचे डबे, तुपाचे डबे. माझी मेव्हणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, तूरडाळ काढायला जायची आणि हातात सालपट यायचं. ताई मोठी शिस्तीची, आवाज न चढवता घर चालवणारी. त्यांना मूलबाळ नव्हतं. ती डब्यावर डबा ठेवून देई आणि एवढंच म्हणे, "लोकायच्या घरी लोनचं मुरते, आमच्या घरी लाकूड." एका रविवारी साडूंनी असाच एक डबा उघडला. आत काळपट, भेगाळलेली, मेलेल्या कातड्यासारखी खपली. दोन वर्षं डब्यात पडून होती. त्यांनी ती ताटलीत ठेवली, वर चूळभर पाणी शिंपडलं आणि मला म्हणाले, "बसा." मी चडफडत बसलो, मला गाडी गाठायची होती. अर्ध्या तासात भेगा मिटल्या. खपली फुगली, मऊ झाली, कडेला राखाडीतून गुलाबी झाक उमटली आणि पावसात भिजलेल्या रानाचा वास खोलीत भरला. मी गाडी चुकवली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत उशिरा पोचलो. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तेव्हा खरं सांगायची हिंमत झाली नाही.

पण साडूंच्या आयुष्यातली खरी गोष्ट निळी होती. तरुणपणी वखारीसाठी सागवान बघायला ते गिरडच्या बाजूला गेले होते. टेकडीवरच्या दर्ग्याला हात जोडून उतरताना मधल्या रानात पाय घसरला, आधाराला धरलेली एक पडकी फांदी उलटी झाली, आणि फांदीच्या पोटावर सारवण होतं, निळं. निळं म्हणजे कसं, हे सांगताना ते दरवेळी अडत. आभाळासारखं म्हणावं तर आभाळ फिकं. मोरपिसासारखं म्हणावं तर त्याला चमक फार. शेवटी ते म्हणत, "कपड्याले देते ते नीळ मुठीत घ्याची अन् वरून पानी सोडाचं. मखमल होती हो, मखमल! कडेले पांढुरकी होत गेलेली." त्यांनी तो तुकडा उपरण्यात बांधून आणला. घरी येईपर्यंत तो सुकून काळा पडला आणि सोडताना त्याचा चुरा झाला. कुणाचाच विश्वास बसला नाही. पुढे त्यांनी माझ्याकडून नागपूरच्या एका प्रोफेसरांना इंग्रजी पत्र लिहवून घेतलं. मी कुरकुरत लिहिलं. उत्तर आलं की जगात अशी निळी बुरशी आहे, पण तुमच्या भागात आहे की नाही हे पाहिल्याखेरीज सांगता येणार नाही. नुसती खरवडून पाठवू नका, खालचं हातभर लाकूड कापून त्यासकट पाठवा. ते पत्र साडूंनी घड्यांवर फाटेपर्यंत खिशात बाळगलं. दर पावसाळ्यात दोन-तीनदा ते गिरडला जात आणि चिखलाने माखून रिकाम्या हाताने परत येत. नातेवाइकांत त्याला नावच पडलं, साडूंची नीळ. "सापडली काय नीळ?" हे लग्नाकार्यातलं ठरलेलं वाक्य झालं. यात सगळ्यांत वाईट मी. एका दिवाळीला मी त्यांना कपड्यांच्या निळीची पुडी कागदात बांधून भेट दिली होती. त्यांनी ती उघडून पाहिली, हसले आणि जपून फळीवर ठेवली. आजही ती आठवण आली की माझे कान गरम होतात.

आता बैलाविषयी सांगितलं पाहिजे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघर फिरवतात आणि त्यांना बोजारा म्हणून खाऊ मिळतो. सासऱ्यांना ताईच्या जन्माच्या वेळी लोकांनी पुढच्या वेळी मुलगा होईल म्हणून धीर दिला होता. सासरे भडकले. परसातला आंबा वादळात पडला होता, त्याच्याच लाकडाचा त्यांनी गावच्या सुताराकडून एक बैल करवून घेतला, चाकांवर उभा, गुडघ्याहून उंच, आणि लेक चालू लागल्यावर तान्ह्या पोळ्याला दोरी दिली तिच्या हातात. साऱ्या वडनेरभर पोरांच्या रांगेत एकच पोरगी. लोक हसले. सासरे तिच्या मागून छाती काढून चालले. ताई लग्न होऊन नाचणगावला आली ती तो बैल घेऊन. सासरे गेले, वडनेरचं घर भावकीत गेलं, ताईजवळ माहेर म्हणून उरलं ते चार चाकांवर.

नव्या संसारात पहिल्याच पोळ्याला साडूंनी त्या बैलाला बोट दुमडून ठोकलं होतं आणि म्हटलं होतं, "आंब्याचं हाय. दहा सालाचं पाव्हनं." ताई त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. नंतर तिने एकच अट घातली, माझ्या बैलाला तुम्ही बोट लावायचं नाही. ती अट साडूंनी पाळली. दहाची वीस वर्षं होऊन गेली तरी बैल उभा होता, आणि ताई दर साली त्याला आपल्या हाताने रंगवी, अंग पांढरं, शिंगं निळी, आणि आळीतल्या एखाद्या पोराच्या हाती दोरी देई. वर्षभर तो मागच्या खोलीत सारवलेल्या जमिनीवर उभा असे. अलीकडे तिने त्याला आपल्या शालूची झूल शिवली होती, थेट चाकांपर्यंत लोळणारी. मला वाटलं, हौस.

आपला जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता, त्या काळातली गोष्ट. तान्ह्या पोळ्याला मी आणि माझी बायको नाचणगावला गेलो होतो. बैल बाहेर काढायचा होता. ताई मागून ढकलत होती, मी पुढून ओढत होतो. चाक उंबऱ्याला अडलं. माझा स्वभाव उतावळा. मी हिसका दिला. बैल आडवा झाला, झूल उलटी होऊन त्याच्या तोंडावर आली आणि पोट उघडं पडलं.

पोट निळं होतं. दोन तळहात मावतील एवढा भाग, मऊ, ओलसर, कडेकडेला पांढुरका होत गेलेला. मी आयुष्यात तसा निळा रंग पाहिला नव्हता. आभाळ फिकं, हे त्या क्षणी मला पटलं.

"शिंगाचा रंग ओघळला हाय," ताई घाईने म्हणाली आणि झूल ओढायला वाकली. साडू ओसरीवरून उठून आले होते. ते गुडघ्यांवर बसले. भिंग काढलं, डोळ्याला लावलं, आणि कितीतरी वेळ हलले नाहीत. मग भिंग खाली ठेवून त्यांनी मधलं बोट दुमडलं.

"नका वाजवू," ताई म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांना सगळं कळलं असावं, कारण मलाही कळलं. हा रंग तिने रंगवून झाकला होता, तो पुन्हा वर आला होता, पुन्हा झाकला, पुन्हा आला. म्हणून शालूची झूल. नवरा जन्मभर जे शोधत होता ते आपल्या मागच्या खोलीत उगवलंय, हे तिला ठाऊक होतं. आणि त्याने ते पाहिलं तर एकतर तो बैलाला "गेलं" म्हणेल, नाहीतर प्रोफेसरांसाठी करवत आणेल, हेही तिला ठाऊक होतं.

साडूंनी ठोकलं, दोनदा. मी त्या बोटाने पाटावरून उतरवलेला माणूस. इतक्या वर्षांत तो आवाज ओळखायला शिकलो होतो. चांगलं लाकूड बोलतं. हे बोललं नाही. भिजलेल्या पोत्यावर थाप मारावी तसं काहीतरी झालं आणि बोटाखालून पांढरा भुगा सांडला. तो त्यांनी धोतराच्या सोग्याने सहज पुसावा तसा पुसून टाकला.

"पक्कं हाय," ते म्हणाले. "आंब्याचं हाय, पन पक्कं हाय. अजून पन्नास सालं पाहाचं काम नाई." त्यांना खोटं बोलता येत नसे, म्हणून हे त्यांनी भिंतीकडे पाहून म्हटलं. मग स्वतःच बैल उभा केला, झूल नीट केली आणि दोरी ताईच्या हातात दिली.

बैल आळीत गेल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो. बराच वेळ ते आपल्या बोटाकडे पाहत होते. मी विचारलं, "तेच का हो?" "तेच." "मग प्रोफेसरांना लिहू? आज लिहितो. मी लिहितो." मला खरंच लिहायचं होतं; त्या पुडीचं काहीतरी फेडायचं होतं. साडूंनी मान हलवली. "हातभर लाकूड लागते त्याले. सासऱ्याच्या बैलाचं पोट कापू काय?" मग म्हणाले, "साडभाऊ, तिनं मले भेऊन लपवलं. मी लोकायच्या दारात गेलं गेलं करत फिरलो, अन् घरची बाई मले भेली. येवढं कसं माह्यं भेव वाटलं तिले?" मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर साडू बदलले. चौकटीला ठोकत, पण निकाल कमी देत. गिरडला जाणं थांबलं. नातेवाईक विचारत, "सापडली काय नीळ?" ते म्हणत, "नाई बा." मी शेजारी बसलेला असायचो आणि मला त्या माणसांना धरून हलवावंसं वाटायचं. बैल रंगवायचं काम आता ताईने त्यांच्याकडे सोपवलं होतं. पोळ्याच्या आधी आठ दिवस ते बैल पोत्यात गुंडाळून वखारीत नेत, "चांगलं जवसाचं तेल पाजतो," म्हणत, आणि रंगवून परत आणत. पुढे आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. मी साडूंना विचारलं, "कसं वाटतं?" म्हणाले, "झाडायले सांगतलं काय कोनी?" त्याच्या पुढच्या थंडीत साध्या तापाचं निमित्त होऊन ते गेले. मी समाचाराला गेलो तेव्हा बाजेवर बसण्याआधी खाली वाकून पाहिलं. तिथे काही नव्हतं.

त्यानंतरच्या तान्ह्या पोळ्याला ताईने आम्हाला मुद्दाम बोलावलं. "बैल तुमीच काढा, मास्तर. पन यंदा हिसका देऊ नोका." मी खाली वाकून बैल उचलायला गेलो आणि तो उचलेचना. पूर्वी एका हाताने डुलणारा बैल जागचा हलेना. मी ताईकडे पाहिलं.

"सागवान हाय," ती म्हणाली. "पह्यल्या साली त्यायनं पुढचे पाय बदलले. मंग मागचे. मंग पाठ, मान, डोकं. दर पोळ्याले एक. जुनं काढून नवं घालत, जुन्याच मापाचं. बाबानं करवलेलं फक्त पोट ठेवलं."

"तुम्हाले कवा समजलं?"

"पह्यल्याच साली. जनम घागरी उचलन्यात गेला माह्या. वजन नाई समजत काय मले?"

"मग त्यांना बोलल्या काऊन नाई?"

ताई खाली बसली. "तीन पावसाळे मी त्यायचं सुख झुलीखाली दाबून ठेवलं, मास्तर. त्यायनं एका शब्दानं मले इचारलं नाई. उलट माह्यासाठी खोटं बोलले, अन् त्या खोट्यापायी पाच सालं खपून एक एक पाय घडवला. ते खोटं मी कसं मोडू?" तिने झूल वर केली, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि बैलाच्या पोटावर शिंपडलं. काळपट पडलेली खपली होती. आम्ही दोघं गाडीची वाट पाहिल्यासारखे बसून राहिलो. हळूहळू भेगा मिटल्या. कडेकडून पांढुरकं होत, आतून निळं वर आलं. सगळ्या बैलाला रंग होता, एवढी जागा मात्र त्यांनी बिनरंगाची सोडली होती.

"वाजवून पाहा ना," ताई म्हणाली. "ते गेल्यापासून कोनी वाजवलं नाई."

मी बोट दुमडलं. मला ती सवय नाही. ठोकताना आवाजापेक्षा हाडच दुखलं. पायांवर ठोकलं, पाठीवर ठोकलं. सागवान खणखणीत बोललं. मग पोटाखाली हात नेला आणि अगदी हलकेच, रंगाला धक्का न लावता, ठोकलं. आवाज आला नाही. ताई माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"पक्कं हाय," मी म्हटलं.

तिने मान डोलावली, झूल खाली सोडली आणि दोरी हातात घेतली.